कोरोनाकाळातील दक्षिण कोरियाचे दैनंदिन जीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कोरियाने कोरोनाची साथ कशी हाताळली, याविषयी बोलताना चाचण्या, आकडे आणि सरकारी धोरण यांचीच चर्चा अधिक होते. तेथील सामान्य माणसाच्या घरात, दुकानात, शाळेत आणि सणावारी त्या काळात काय घडत होते, याबद्दल वरचेवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

दक्षिण कोरियात टाळेबंदी झालीच नाही, हे खरे आहे का?

होय. संपूर्ण देश किंवा एखादे संपूर्ण शहर बंद करून नागरिकांना घराबाहेर पडण्यास मनाई करणारा आदेश तेथे एकदाही निघाला नाही. २५ मार्च २०२० रोजी, ऐन गुढीपाडव्याला, भारतात देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा सोलमधील मेट्रो धावत होती आणि बहुतेक दुकाने उघडी होती. मात्र टाळेबंदी नव्हती म्हणून लोक मोकळे होते, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. किती जणांनी एका टेबलावर बसायचे, रात्री किती वाजता उठायचे, कोणत्या दारात नाव नोंदवायचे आणि कोणाच्या घरी जायचे नाही, अशा बारीकसारीक नियमांतून बंधने आली आणि कमीजास्त प्रमाणात ती दोन वर्षांहून अधिक काळ टिकली. हे नियम रुग्णसंख्येनुसार सतत बदलत असल्यामुळे येत्या आठवड्यात आपल्याला काय करता येईल, हे विचारूनच लोकांना बेत आखावे लागत.

साथीची सुरुवात कशी झाली, आणि देगू शहराचे नाव इतक्यांदा का येते?

२० जानेवारी २०२० रोजी वुहानहून इंचॉन विमानतळावर उतरलेल्या एका महिलेला संसर्ग असल्याचे निश्चित झाले आणि देशातील पहिल्या रुग्णाची नोंद झाली. त्यानंतर जवळपास चार आठवडे रुग्णसंख्या तिशीपुढे गेली नाही. १८ फेब्रुवारीला देगूमध्ये ३१व्या रुग्णाची नोंद झाली, आणि शिनचॉन्जी नावाच्या पंथाच्या प्रार्थनासभांमधून संसर्ग आधीच दूरवर पसरला असल्याचे पुढच्या काही दिवसांत उघड झाले. २९ फेब्रुवारीला एकाच दिवसात ९०९ नवे रुग्ण सापडले आणि त्यांतील बहुसंख्य देगू व लगतच्या उत्तर ग्यंगसांग प्रांतातील होते.

अडीच दशलक्षांच्या आसपास लोकवस्ती असलेल्या या शहरातील लोकांनी त्या दिवसांत कोणताही आदेश नसताना स्वतःला घरात कोंडून घेतले. शतकानुशतके गजबजलेला सोमुन बाजार व्यापाऱ्यांनी आपणहून काही दिवस बंद ठेवला. खाटा अपुऱ्या पडल्यामुळे काही रुग्णांचा घरी वाट पाहतानाच मृत्यू झाला. स्थानिक वैद्यकीय संघटनेच्या अध्यक्षांनी डॉक्टरांना मदतीचे आवाहन केल्यावर देशभरातून डॉक्टर आणि परिचारिका तेथे पोहोचल्या, आणि शहरातील खाणावळी त्यांच्यासाठी जेवणाचे डबे पाठवू लागल्या. राजकारणात ज्या दोन शहरांमधून पिढ्यान्‌पिढ्या विस्तव जात नाही असे मानले जाई, त्यांपैकी दुसऱ्या, म्हणजे ग्वांगजू शहराने १ मार्चला देगूच्या रुग्णांसाठी आपल्या खाटा देऊ केल्या. कोरियाबाहेर या गोष्टीची पुरेशी दखल घेतली गेली नाही. कोरियन माणसांच्या आठवणीत मात्र तिला मोठे स्थान आहे.

मास्कसाठी लोकांना खरोखर जन्मवर्षानुसार वार ठरवून दिले होते का?

होय. फेब्रुवारीच्या अखेरीस मास्क बाजारातून दिसेनासे झाले, किमती भडकल्या आणि दुकानांसमोर पहाटेपासून रांगा लागू लागल्या. तेव्हा सरकारने निर्यात थांबवून उत्पादनाचा मोठा हिस्सा स्वतःकडे घेतला आणि ९ मार्च २०२० पासून वारांची पद्धत लागू केली. जन्मवर्षाचा शेवटचा अंक १ किंवा ६ असल्यास सोमवारी, २ किंवा ७ असल्यास मंगळवारी, ३ किंवा ८ असल्यास बुधवारी, ४ किंवा ९ असल्यास गुरुवारी आणि ५ किंवा ० असल्यास शुक्रवारी औषधाच्या दुकानात जायचे. तेथे ओळखपत्र दाखवायचे आणि आठवड्याला दोन मास्क, प्रत्येकी १,५०० वॉन देऊन घ्यायचे. एप्रिलच्या अखेरीस ही संख्या तीनवर नेण्यात आली, आणि जूनच्या सुरुवातीला वारांचे बंधन उठले.

या व्यवस्थेचा सगळा भार गल्लीतल्या औषधविक्रेत्यांवर पडला. पाच-पाच मास्कचे गठ्ठे फोडायचे, दोन-दोनच्या पुड्या बांधायच्या, प्रत्येकाचा क्रमांक संगणकात तपासायचा आणि साठा संपला की रांगेतल्या लोकांचा राग ऐकून घ्यायचा, हे काम त्यांनी आपले नेहमीचे काम सांभाळून केले. कोणत्या दुकानात किती मास्क उरले आहेत हे दाखवणारी मोबाइल अॅप्स तरुण प्रोग्रामरांनी सरकारने खुल्या केलेल्या माहितीच्या आधारे काही दिवसांत तयार केली. ज्यांच्या घरी थोडे मास्क शिल्लक होते त्यांनी रांगेत उभे न राहता ते इतरांसाठी सोडावेत, असे सांगणारी ‘माझे ठीक आहे, आधी तुम्ही’ या आशयाची मोहीमही तेव्हा चालली.

मोबाइलवर येणारे आपत्कालीन संदेश हा काय प्रकार होता?

२०१५ मध्ये मर्स या आजाराच्या साथीत दक्षिण कोरियात १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण दगावले. तेव्हा बाधित रुग्णालयांची नावे सरकारने सुरुवातीला लपवून ठेवल्याबद्दल मोठा रोष झाला, आणि त्यानंतर कायद्यात बदल करून रुग्णांच्या हालचालींची माहिती जाहीर करण्याची तरतूद बळकट करण्यात आली. त्यामुळे २०२० मध्ये प्रत्येकाच्या फोनवर कर्कश आवाजासह संदेश येऊ लागले. अमुक क्रमांकाचा रुग्ण, वय इतके, अमुक दिवशी इतक्या वाजता या खाणावळीत होता, त्यानंतर या बसने या थांब्यावर उतरला, असा तो मजकूर असे. काही दिवशी असे अनेक संदेश येत.

यातून लोकांना धीरही मिळाला आणि धाकही बसला. नाव दिलेले नसले तरी वय, वस्ती आणि वेळापत्रक यांवरून शेजारपाजारचे लोक माणूस ओळखत, त्याच्या नात्यागोत्याबद्दल तर्क लढवत, आणि ज्या खाणावळीचे नाव संदेशात येई तिचे गिऱ्हाईक तुटे. आजारापेक्षा बोटे दाखवली जाण्याची भीती अधिक वाटते, असे त्या काळात अनेक कोरियन लोक सांगत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ९ मार्च २०२० रोजी याबद्दल चिंता व्यक्त केल्यावर जाहीर करायच्या माहितीचे निकष बदलण्यात आले. तरीही मे महिन्यात सोलच्या इतेवॉन भागातील क्लबांमधून संसर्ग पसरला, तेव्हा त्यांतील काही क्लब समलिंगी ग्राहकांचे असल्याचे वृत्तपत्रांनी छापले आणि आपली ओळख उघड होईल या भीतीने अनेक तरुण चाचणीला येईनात. अखेर सोल महापालिकेने निनावी चाचणीची सोय केली आणि त्यानंतरच लोक पुढे आले. माझ्या मते, साथीच्या काळात गुप्तता हीदेखील औषधाइतकीच गरजेची असते, हे या एका प्रसंगातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

गृहविलगीकरणातील माणसाचा दिवस कसा जात असे?

रुग्णाच्या निकट संपर्कात आलेल्यांना, तसेच १ एप्रिल २०२० पासून परदेशातून आलेल्या जवळजवळ सर्वांना, १४ दिवस खोलीबाहेर पडता येत नसे. फोनवर अॅप उतरवून घ्यावे लागे, दिवसातून दोनदा ताप व लक्षणे नोंदवावी लागत, आणि नेमून दिलेला एक सरकारी कर्मचारी दूरध्वनी करून विचारपूस करी. फोन घरीच ठेवून बाहेर जाणारे सापडू लागल्यावर नियम मोडणाऱ्यांसाठी मनगटी पट्टा आला. गुन्हा सिद्ध झाल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १ कोटी वॉनपर्यंत दंड अशी शिक्षा होती.

दाराशी ठेवून जाणाऱ्या सरकारी खोक्याची आठवण बहुतेक जण काढतात. त्यात तयार भाताची पाकिटे, रामेन, डबाबंद पदार्थ, सुकवलेले समुद्री शेवाळ, पाण्याच्या बाटल्या, तापमापक, जंतुनाशक आणि कचऱ्यासाठी वेगळ्या पिशव्या असत. एकाच घरात राहणाऱ्यांची जेवणाची भांडी वेगळी, स्नानगृह शक्यतो वेगळे, आणि बोलणे दाराआडून. सोलमधील एका खोलीच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे दोन आठवडे म्हणजे पलंग, टेबल आणि एक खिडकी एवढेच जग होते.

बाहेर जेवायला किंवा कॉफी प्यायला जाता येत होते का?

बहुतेक काळ जाता येत होते, पण अटींसह. १० जून २०२० पासून क्लब, नोरेबांग म्हणजे गाण्याच्या भाड्याच्या खोल्या, आणि अशाच धोक्याच्या मानलेल्या ठिकाणी क्यूआर कोड दाखवून प्रवेश घ्यावा लागे. पुढे ही पद्धत खाणावळी व कॉफीगृहांपर्यंत पोहोचली. कोड नसेल तर वहीत दूरध्वनी क्रमांक लिहायचा. वहीतील क्रमांकांचा गैरवापर होत असल्याच्या, विशेषतः स्त्रियांना अनोळखी संदेश येत असल्याच्या तक्रारी झाल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये क्रमांकाऐवजी लिहिता येईल असा सहा अक्षरांचा संकेत प्रत्येकाला देण्यात आला. साधा फोन वापरणारे आजी-आजोबा मात्र दारातच गोंधळून उभे राहत. ज्येष्ठांच्या वस्तीतील बैठकीच्या खोल्या आधीच बंद झाल्या होत्या. त्यात ही भर पडली.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस राजधानी परिसरात रात्री ९ नंतर खाणावळीत बसण्यास बंदी आली आणि साखळी कॉफीगृहांत दिवसभर फक्त बांधून नेण्याची मुभा राहिली. जेथे एरवी विद्यार्थी तासन्‌तास अभ्यास करत, तेथे खुर्च्या उलट्या करून टेबलांवर रचलेल्या दिसू लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये राजधानी परिसरात, आणि ४ जानेवारी २०२१ पासून देशभर, पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येण्यास मनाई झाली. कार्यालयातील रात्रीच्या सहभोजनाची, तेथे ज्याला ‘ह्वेशिक’ म्हणतात त्याची, जुनी रीत यामुळे थांबली. वरिष्ठांबरोबर पिण्याची सक्ती टळली म्हणून अनेक तरुण कर्मचाऱ्यांना त्यात सुटकेचा अनुभव आला, हेही नमूद करायला हवे. सर्वांत कडक टप्पा १२ जुलै २०२१ रोजी राजधानी परिसरात सुरू झाला. संध्याकाळी ६ नंतर फक्त दोघांनाच भेटता येई. व्यायामशाळेत पळण्याच्या यंत्राचा वेग ताशी ६ किलोमीटरवर आणि सामूहिक व्यायामाच्या वेळी लावायच्या संगीताची गती मिनिटाला १२० ठोक्यांवर मर्यादित करण्यात आली होती.

शाळा आणि परीक्षांचे काय झाले?

कोरियात शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते. २०२० मध्ये ते पुन्हा पुन्हा पुढे ढकलले गेले आणि शेवटी ९ एप्रिलला माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांच्या अंतिम वर्षांपासून ऑनलाइन सुरू झाले. पहिल्या दिवसांत प्रणाली वारंवार कोलमडली. पहिलीत दाखल झालेल्या मुलांचा शाळेचा पहिला दिवस आईच्या किंवा आजीच्या शेजारी बसून पडद्यासमोर गेला. नोकरी करणाऱ्या आयांची यात सर्वाधिक ओढाताण झाली, कारण घरची शाळा बहुतेक ठिकाणी त्यांच्याच गळ्यात पडली.

सुनुंग ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा १९ नोव्हेंबरऐवजी ३ डिसेंबर २०२० रोजी झाली. सुमारे ४ लाख ९३ हजार विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. बाकावर पारदर्शक आडोसा, दिवसभर मास्क, विलगीकरणातील विद्यार्थ्यांसाठी वेगळी केंद्रे आणि बाधितांसाठी रुग्णालयातच परीक्षेची सोय, अशी ती व्यवस्था होती. एरवी परीक्षेच्या सकाळी केंद्राच्या फाटकावर धाकटे विद्यार्थी घोषणा देऊन, गरम पेये वाटून उमेदवारांना धीर देतात. त्या वर्षी फाटकावर शांतता होती.

सणांना लोक गावी गेले का?

छुसक हा शरद ऋतूतील सण आणि सोल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष, या दोन दिवशी कोरियात कुटुंबे मूळ गावी जमतात आणि पूर्वजांना नैवेद्य दाखवतात. २०२० च्या छुसकला सरकारने गावी न जाण्याची विनंती केली. एरवी सणात माफ असणारा द्रुतगती मार्गांचा टोल वसूल करण्यात आला आणि रेल्वेत फक्त खिडकीजवळची आसने विकली गेली. गावोगावी फलक लागले. ‘मुलांनो, या वेळी येऊ नका’, असे वृद्ध आईबापांच्या तोंडचे शब्द त्यांवर होते. एका फलकावर तर जुन्या लोकप्रिय गाण्याच्या ओळीत एक अक्षर बदलून ‘कृतघ्न मुलगाच येतो’ असे लिहिले होते. पितृपूजेला न जाणे हा जेथे मोठा दोष मानला जातो, तेथे न जाणे हेच कर्तव्य ठरले. अनेकांनी व्हिडिओ कॉलवरून आईवडिलांना नमस्कार केला आणि पूर्वजांच्या थडग्याभोवतीचे गवत काढण्याचे काम मजुरी देऊन करवून घेतले. फेब्रुवारी २०२१ च्या सोल्लालला, वेगळ्या घरांत राहणारी सख्खी भावंडे आणि आईवडील यांनाही पाच जणांच्या मर्यादेचा नियम लागू होता.

वृद्धाश्रमातील माणसांना आणि मृतांच्या नातेवाइकांना काय सोसावे लागले?

वृद्धांच्या शुश्रूषागृहांत समोरासमोरच्या भेटी दीर्घकाळ बंद राहिल्या. पुढे काचेआडच्या भेटींना परवानगी मिळाली. काचेच्या एका बाजूला चाकांच्या खुर्चीत बसलेली आई आणि दुसऱ्या बाजूला हातात फोन धरलेली मुले, आणि काचेवर दोन्हीकडून एकाच जागी टेकवलेले तळहात, असे दृश्य तेथील लोकांनी वर्तमानपत्रांतून वारंवार पाहिले. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला आपली मुले जवळ का येत नाहीत, हे समजावून सांगणे शक्य नव्हते.

कोरियात अंत्यविधी साधारणतः तीन दिवस चालतो. नातेवाईक आणि परिचित शोकगृहात येतात, मृताच्या छायाचित्राला वंदन करतात आणि तेथेच बसून युक्केजांग नावाचे तिखट मांसाचे सार खातात. साथीत मृत्यू पावलेल्यांसाठी मात्र आधी दहन आणि मग अंत्यविधी असा क्रम ठरवण्यात आला. मृतदेह पिशवीत बंद केलेला असे. त्याला स्नान घालणे, तागाचे वस्त्र नेसवणे हे काहीही करता येत नसे, आणि मोजक्या नातेवाइकांना संरक्षक पोशाखात दुरून पाहण्यावर समाधान मानावे लागे. मृतदेहापासून संसर्ग पसरल्याचा पुरावा नसताना हा नियम इतका काळ का टिकला, हा प्रश्न अनेक कुटुंबांनी विचारला आणि तो रास्त होता. जानेवारी २०२२ च्या अखेरीस तो बदलला. त्यानंतर काही आठवड्यांतच ओमायक्रॉनची लाट आली आणि २४ मार्च २०२२ रोजी एका दिवसात ४६९ मृत्यूंची नोंद झाली. दहनगृहांत जागा मिळेना, आणि तीन दिवसांचे अंत्यविधी पाच-सहा दिवसांवर गेले.

लहान दुकानदार आणि कामगार यांचे काय?

निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे, असे मला वाटते. कोरियात स्वतःचा छोटा व्यवसाय करणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांच्या तुलनेत बरेच जास्त आहे. नोरेबांग, व्यायामशाळा, गाळाभर खाणावळी यांना रात्री ९ ची मर्यादा म्हणजे निम्म्याहून अधिक कमाईवर पाणी सोडणे होते, आणि भाडे मात्र पूर्ण द्यावे लागे. पर्यटकांवर चालणाऱ्या सोलच्या म्यंगदोंग या बाजारपेठेत ओळीने गाळे रिकामे झाले. जमावबंदीमुळे दुकानदारांनी जुलै २०२१ मध्ये रात्री मोटारींची रांग काढून निषेध केला. नुकसानभरपाईचा कायदा त्याच महिन्यात झाला, म्हणजे निर्बंध सुरू होऊन सव्वा वर्ष उलटल्यावर.

मे २०२० मध्ये प्रत्येक कुटुंबाला मदत मिळाली होती : एकट्या व्यक्तीला ४ लाख वॉन, आणि चार किंवा अधिक जणांच्या घराला १० लाख वॉन. ही रक्कम ऑगस्टअखेरपर्यंत स्थानिक दुकानांतच खर्च करायची होती, त्यामुळे चष्म्याची, मांसाची आणि किराण्याची दुकाने काही आठवडे पुन्हा भरली.

घरी बसलेल्यांचे जिणे सुसह्य झाले ते घरपोच सेवेमुळे, आणि तिची किंमत वेगळ्याच माणसांनी मोजली. पार्सल पोहोचवणारे कामगार पहाटेपासून तासन्‌तास बिनमोबदला पार्सलांची वर्गवारी करत आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत जिने चढत. २०२० या एका वर्षात डझनाहून अधिक सहकारी अतिश्रमाने दगावल्याचे कामगार संघटनांनी सांगितले. १४ ऑगस्ट २०२० हा पहिला ‘पार्सलविरहित दिवस’ पाळण्यात आला, आणि जानेवारी २०२१ मध्ये वर्गवारीची जबाबदारी कंपन्यांची असल्याचे मान्य करणारा करार झाला. ज्यांना घरून काम करणे शक्यच नव्हते त्यांची स्थिती सोलच्या गुरो भागातील कॉल सेंटरमध्ये दिसली : मार्च २०२० मध्ये एका मजल्यावरील २१६ कर्मचाऱ्यांपैकी ९४ जणांना लागण झाली.

परदेशी कामगारांना समान वागणूक मिळाली का?

नेहमी नाही. मास्कवाटपाच्या सुरुवातीला परदेशी व्यक्तीला नोंदणीपत्राबरोबर आरोग्यविम्याचाही पुरावा द्यावा लागे, त्यामुळे विमा नसलेले अनेक जण वगळले गेले. मार्च २०२१ मध्ये सोल आणि ग्यंगी प्रांताने सर्व परदेशी कामगारांना चाचणीची सक्ती केली. हा भेदभाव असल्याची टीका दूतावासांकडून आणि मानवाधिकार संस्थांकडून झाल्यावर सोलने आदेश मागे घेतला.

त्या काळात मतदान कसे झाले?

१५ एप्रिल २०२० रोजी संसदेची निवडणूक ठरल्या दिवशी झाली. ताप तपासून, प्लास्टिकचे हातमोजे घालून आणि अंतर राखून लोकांनी मतदान केले, आणि विलगीकरणातील मतदारांना संध्याकाळी ६ नंतर बोलावण्यात आले. ६६.२ टक्के मतदान झाले, जे संसदेच्या निवडणुकीसाठी २८ वर्षांतील सर्वाधिक होते.

लोकांच्या बोलण्यात कोणते नवे शब्द आले?

घरात अडकून राहण्याला ‘जिपकोक’ म्हणत. मनाच्या मरगळीला ‘कोरोना ब्लू’ हे नाव मिळाले. बाधित व्यक्तीसाठीच्या ‘ह्वाकजिनजा’ या शब्दात किंचित बदल करून घरी बसून वजन वाढलेल्या माणसाला चिडवले जाई. चारशे वेळा घोटून फेस काढायची दालगोना कॉफी घराघरांत झाली. रिकामे हात आणि लांबलेली दुपार यांचे ते पेय होते. रोज दुपारी रोग नियंत्रण केंद्राच्या प्रमुख जंग उन-ग्यंग यांची माहिती ऐकणे हाही अनेक घरांचा नेम झाला, आणि त्यांचे पांढरे होत गेलेले केस लोकांनी काळजीने पाहिले.

निर्बंध कधी उठले?

१ नोव्हेंबर २०२१ रोजी टप्प्याटप्प्याने शिथिलता सुरू झाली, पण रुग्ण वाढल्यामुळे १८ डिसेंबरला चार जणांची आणि रात्री ९ ची मर्यादा परत आली. लस न घेतलेल्या व्यक्तीला तेव्हा खाणावळीत एकटेच बसून जेवावे लागे. १७ मार्च २०२२ रोजी एका दिवसात ६ लाख २० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. लाट ओसरू लागल्यावर १८ एप्रिल २०२२ रोजी माणसांच्या संख्येचे आणि वेळेचे सर्व निर्बंध संपले. घराबाहेरच्या मास्कची सक्ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पूर्णपणे गेली, बंद जागांतील बहुतांश सक्ती ३० जानेवारी २०२३ रोजी आणि बस-मेट्रोतील २० मार्च २०२३ रोजी. सक्ती गेल्यावरही मेट्रोच्या डब्यांत कित्येक महिने बहुसंख्य चेहरे झाकलेलेच दिसत. मोठ्या रुग्णालयांत आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहांत, जेथे कधी काळी काचेआडून भेटी होत असत, तेथे ही सक्ती सर्वांत शेवटी, १ मे २०२४ रोजी उठली.